तर्रीची वही: हट्टी पिल्लाला शू-शीची जागा शिकवताना

तर्री आमच्याकडे आली तेव्हा नऊ आठवड्यांची होती. जातीने डॅशहाउंड: पाठ लांब, पाय आखूड आणि रंग थेट पोह्यांवरच्या तर्रीचा, म्हणजे लाल तिखट रश्शाचा, म्हणून नाव तेच पडलं. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, “मॅडम, पॉटी ट्रेनिंग झालेली आहे.” घरात पाऊल टाकल्यावर दहा मिनिटांत तिने देवघरासमोरच्या पायपुसण्यावर शू केली. सासूबाई म्हणाल्या, “झालेली आहे म्हणे! झाली ना, इथंच झाली.”

ती फेब्रुवारीत आली. घर भरवशाने कोरडं राहायला लागलं ते ऑक्टोबरात. त्यातले पहिले दोन महिने निव्वळ आमच्या चुकांचे होते, आणि ते तुमचे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. आमचं घर नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तुमचं घर बंगल्याचं असेल तर काही गोष्टी सोप्या होतील. पग, शिह त्झू, पॉमेरेनियन असेल तरी बहुतेक सगळं असंच लागू पडेल.

लहान जातींना वेळ जास्त का लागतो? एक तर त्यांचं मूत्राशयच एवढंसं. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा. फार तर तितके तास ते धरू शकतं असा ढोबळ हिशेब आहे, आणि लहान जातीत तो त्याहूनही कमी धरावा. जागं असून खेळत असेल तर तासभरसुद्धा नाही. दुसरं म्हणजे त्यांचं डबकं लहान असतं, म्हणून आपण “एवढीशी तर केली” म्हणून सोडून देतो. लॅब्राडॉरने तेच केलं असतं तर त्याच दिवशी घर हललं असतं. डॅशहाउंडची आणखी एक भानगड आहे. ही जात जर्मनीत बिज्जूसारख्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या शिकारीसाठी तयार केली. जमिनीखाली अंधारात मालक सांगायला येत नाही, निर्णय कुत्र्यालाच घ्यावा लागतो. असं डोकं असलेलं पिल्लू तुम्ही “चल” म्हटलं की आधी विचार करतं, यात माझं काय?

आधी हे जमवा

- एक वही आणि तिला दोरीने बांधलेला पेन. दोरी नसेल तर पेन तासाभरात पळतो.
- हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, आणि हातात धरायचा साधा पट्टा. लांब पाठीच्या कुत्र्याला गळ्याने ओढू नये.
- क्रेट, म्हणजे जाळीचा पिंजरा. पिल्लाला उभं राहता, वळता आणि पसरून झोपता येईल एवढाच. मोठा घेतला तर ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात उरकतं. वाढीच्या मापाचा घेतलाच तर मध्ये आडोसा लावा.
- पसरट ट्रे आणि त्यात मावेल एवढा लॉनचा तुकडा. नर्सरीत मातीसकट मिळतो.
- शूचा वास मोडणारं, एन्झाइम असलेलं क्लीनर, पेट शॉपमध्ये मिळतं.
- जुन्या सुती साडीचे फडके, भरपूर.
- बक्षीस: उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे. मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि कांदा कुत्र्याला विषारी आहेत, म्हणजे तर्रीला तर्री मिळत नाही.
- लसीकरणाचं कार्ड. डॉक्टरकडे, महापालिकेतल्या नोंदणीला आणि सोसायटीत कोणी विचारलं तर, सगळीकडे तेच दाखवावं लागतं. मोबाइलमध्ये फोटो ठेवा.

१. आधी वही उघडा

आम्ही वही उघडली होळीनंतर, दोन महिने फरशी पुसून झाल्यावर. तुम्ही पहिल्याच दिवशी उघडा. चार रकाने करा: वेळ, शू की शी, कुठे, आणि त्याच्या आधी काय चाललं होतं. पहिले चार दिवस काही शिकवायला जाऊ नका, फक्त लिहा. घरातल्या प्रत्येकाने लिहायचं.

तोपर्यंत आमचं ठाम मत होतं की ती मुद्दाम करते. चार दिवसांनी पानं उलटून पाहिली तर मुद्दाम काहीच नव्हतं. झोपेतून उठल्यावर पाच मिनिटांत शू. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांत शी. खेळता खेळता एकदम थांबून, जमीन हुंगत गोल फिरली की शू. आमच्या सतरा नोंदींपैकी तेरा या तीन खणांत बसल्या.

उरलेल्या चार नोंदी मात्र एकाच जागेच्या होत्या: हॉलमधल्या कूलरजवळ. कूलर तेव्हा नुकताच काढला होता, नवा वाळा भरला होता. ओल्या वाळ्याचा गवतासारखा वास, खाली ठिबकलेल्या पाण्याने ओली फरशी, वर गार वारा. तिच्या दृष्टीने आम्ही घरात बाग आणून ठेवली होती! गळती बंद केली, समोर दोन खुर्च्या आडव्या लावल्या आणि ती जागा सुटली. वही नसती तर हे आम्हाला जन्मात कळलं नसतं.

२. जागा एकच ठरवा

आठ-नऊ आठवड्यांच्या सुमाराला पिल्लाच्या पायांना सवय लागते, की आपण कशावर करतो. गवतावर, मातीवर, कागदावर की सतरंजीवर. म्हणून पहिल्या दिवसापासून त्याला तेच द्या जे पुढे आयुष्यभर हवं आहे.

आम्ही पेपर पसरला. सगळेच पसरतात. ती आठवडाभरात पेपरवर करायला शिकलीसुद्धा आणि आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. मग एका रविवारी बाबांनी चष्मा शोधायला जाताना पुरवणी जमिनीवर ठेवली. परत आले तर पुरवणी ओली. तिची काय चूक? कागद म्हणजे जागा, हे आम्हीच शिकवलं होतं.

त्यापेक्षा बाल्कनीत लॉनचा ट्रे ठेवा. पुढे खाली गवतावर नेलं की पायाला ओळखीचं लागतं. ट्रे रोज पाण्याने धुवा, पण आधीच्या शूचा टिपलेला एखादा फडका कोपऱ्यात राहू द्या, वासाने जागा कळते. दोन-तीन आठवड्यांनी गवत पिवळं पडतं, तेव्हा तुकडा बदला.

लगेच खाली न्यायचं नाही, कारण पार्व्हो. या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि लहान पिल्लाला जिवावर बेततो. पिल्लाच्या लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होऊन साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. रस्त्यावरची कुत्री बसतात त्या जागी त्याआधी पिल्लाला उतरवू नका. नेमकं कधी उतरवायचं ते तुमच्या डॉक्टरला विचारा.

३. घड्याळ लावा

जेवण ठरलेल्या वेळी द्या आणि पंधरा-वीस मिनिटांत वाटी उचला. दिवसभर वाटी भरून ठेवली तर शीची वेळ देवही सांगू शकणार नाही. तीन महिन्यांपर्यंत आम्ही चारदा देत होतो, मग तीनदा.

पाण्याच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नका. “पाणीच कमी दे ना” हा सल्ला मला निदान सहा जणांनी दिला. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, हा सल्ला जीवघेणा आहे.

रात्री झोपण्याआधी एकदा, मग अडीच-तीनच्या सुमाराला एकदा, आणि पहाटे पाच-साडेपाचला. रात्रीच्या फेरीला दिवा लावू नका, बोलू नका, खेळू नका. उचला, ट्रेवर ठेवा, झालं की परत. आमच्याकडे रात्रीची पाळी नवऱ्याची होती आणि त्याच्या अक्षरातल्या त्या नोंदी मला अजून वाचता येत नाहीत.

४. खाली नेल्यावर: इथे सगळे फसतात

मी सगळ्यात जास्त वेळ इथे वाया घालवला, म्हणून नीट सांगते.

लसी झाल्या, तर्री खाली जायला लागली. पार्किंगच्या मागे कडुनिंबाखाली आमची जागा. सकाळी मला ऑफिसची घाई. ती वीस-वीस मिनिटं हुंगत फिरायची, पान चाटायची, खारीकडे बघायची, सगळं करायची, फक्त शू सोडून. कंटाळून वर आणलं की डायनिंग टेबलाखाली, माझ्या डोळ्यांदेखत. “बघ, कशी सूड घेऊन राहिली,” सासूबाई म्हणायच्या, आणि मलाही तसंच वाटायचं.

वहीत पाहिलं तर ज्या दिवशी तिने खाली शू केली होती, त्या प्रत्येक नोंदीपुढे माझ्याच अक्षरात होतं: “लगेच वर आलो.” तिने त्यातून बरोबर धडा घेतला होता. शू केली की फिरणं संपतं. मग ती कशाला करेल? धरता येईल तेवढं धरायचं आणि बाहेरची मजा लांबवायची. एवढ्या हुशार प्राण्याला मी दोन महिने ढ म्हणत होते.

आम्ही क्रम उलटा केला:

- पिल्लाला उचलून खाली न्या. पायऱ्या उतरवू नका. डॅशहाउंडच्या लांब पाठीला ते चांगलं नाही, आणि लहान पिल्लू मधल्याच पायरीवर उरकतं.
- थेट ठरलेल्या कोपऱ्यात जा आणि खांबासारखं उभं राहा. पट्टा आखूड. बोलणं नाही, मोबाइल नाही. हुंगायला लागलं की ठरलेला शब्द एकदाच म्हणा.
- पाच मिनिटांत केलं तर तिथेच, संपल्यावर एक-दोन सेकंदांत तुकडा तोंडात द्या. घरी जाऊन दिलेलं बक्षीस त्याला पायऱ्या चढल्याबद्दल मिळाल्यासारखं वाटतं. तुकडा मध्येच दाखवलात तर ते अर्धवट सोडून तुमच्याकडे धावतं आणि उरलेलं घरात करतं.
- आणि मग फिरायला न्या. फिरणं हेच मोठं बक्षीस.
- नाही केलं तर वर. पण मोकळं सोडायचं नाही: क्रेटमध्ये किंवा मांडीवर. पंधरा मिनिटांनी पुन्हा खाली.

पहिल्या रविवारी मी दोन मजले अकरा वेळा चढले. चौथ्या दिवशी खाली पोचल्यावर पहिल्याच मिनिटात तिने उरकलं आणि शेपूट हलवत गेटकडे निघाली. चौकीदार काका म्हणाले, “हे पोट्टी तर लय शहाणी झाली बे!”

५. घरात मोकळीक उसनी द्या

जे दिसत नाही ते चुकतं. पिल्लू एक तर तुमच्या नजरेसमोर, नाही तर क्रेटमध्ये, नाही तर पट्ट्याने तुमच्या कमरेला. स्वयंपाक करताना मी पट्टा कमरेला बांधायचे. हुंगत फेऱ्या सुरू झाल्या की ओढ जाणवते.

आधी एक खोली. त्या खोलीत दोन आठवडे चूक झाली नाही की दुसरी उघडा. चूक झाली की एक खोली परत घ्या.

क्रेट ही शिक्षेची कोठडी नाही. आत जुनी गोधडी, जेवणही तिथेच, दार सुरुवातीला उघडं. उन्हाळ्यात तो पश्चिमेच्या खिडकीखाली किंवा बाल्कनीत चुकूनही ठेवू नका. आणि एक अडचण: काही पिल्लं विक्रीच्या पिंजऱ्यात इतके दिवस काढून आलेली असतात की जिथे झोपायचं तिथेच करायचं ही त्यांची सवयच झालेली असते. तर्रीचं थोडं असंच होतं. अशा पिल्लाला क्रेटमध्ये एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, गोधडी रोज धुवा, आणि जास्त धीर धरा.

६. चूक झाली तर

नाक घासू नका. ओरडू नका. पेपरची गुंडाळी आपटू नका. शेजारच्या काकूंच्या सल्ल्याने आम्ही एकदा नाक घासलं. त्यातून तर्री एवढंच शिकली की माणसासमोर शू करणं धोक्याचं असतं. पुढचे तीन आठवडे ती सोफ्यामागे जाऊन करायची, आणि खाली नेलं तरी मी बघत असले की करायची नाही. करताना दिसलीच तर हलकी टाळी वाजवा, उचला, बाहेर न्या. नंतर दिसली तर फक्त पुसा. दोन मिनिटांपूर्वीच्या शूबद्दल रागावलात तर तिला तुमचा राग कळतो, कारण कळत नाही. तिचा तो “अपराधी” चेहरा म्हणजे भीती आहे.

पुसणं हीसुद्धा कला आहे. आधी कोरड्या फडक्याने दाबून टिपा, घासू नका. मग साधं पाणी. मग एन्झाइमचं क्लीनर ओतून दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. लगेच पुसलं तर उपयोग नाही. टाइल्सच्या सांध्यांत सगळ्यात जास्त मुरतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं हा स्वस्त उपाय आहे, पण संगमरवर, कोटा किंवा शहाबादी फरशीवर नको, आम्ल दगड खातं. अमोनिया असलेली क्लीनर टाळा. त्यांचा वास पिल्लाला शूसारखाच येतो, म्हणजे आपणच पाटी लावल्यासारखं. फिनाइलही नको: आपल्याला स्वच्छ वाटतं, पण पिल्लू त्या ओल्या फरशीवरून चालतं आणि मग पाय चाटतं.

जुने डाग शोधायला रात्री दिवे बंद करून यूव्ही (अतिनील) टॉर्च फिरवा, शूचे डाग त्यात चमकतात. आमचा हॉल उजळल्यावर घरात दोन मिनिटं कोणी बोललं नाही.

संत्र्याच्या सालांचा उपायही केला, नागपुरात राहून तो न करणं शक्य नव्हतं. सालं कोपऱ्याकोपऱ्यात पसरली. तर्रीने ती खाल्ली आणि दोन दिवस पोट बिघडवून घेतलं.

७. माणसांना शिकवा

हा भाग पिल्लाच्या शिकवणीपेक्षा अवघड. मी “शू कर” म्हणायचे, नवरा “गो, गो”, बाबा शीळ घालायचे आणि सासूबाई “कर माय लवकर” म्हणायच्या. चार माणसं, चार भाषा. एका रात्री जेवताना ठराव झाला की ज्याच्या शब्दावर ती सगळ्यात जास्त वेळा करते तो शब्द ठेवायचा. वहीने कौल दिला सासूबाईंना. तेव्हापासून माझा इंजिनिअर नवरा पहाटे कडुनिंबाखाली उभा राहून गंभीर चेहऱ्याने “कर माय” म्हणतो.

बक्षीस, जागा, वेळ, सोफ्यावर चढू द्यायचं की नाही, हे सगळं फ्रिजवर लिहून लावा. कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगा. दुपारी घरात बहुतेक त्याच असतात.

८. आपली हवा

उन्हाळा: सकाळी सहाच्या आत, रात्री नऊनंतर. सिमेंटचे रस्ते दिवसभराची आग संध्याकाळी उशिरापर्यंत सोडत नाहीत. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्याला चालवू नका, आणि डॅशहाउंडचं तर पोटही रस्त्यापासून चार बोटांवर असतं. दुपारसाठी बाल्कनीतला ट्रे किंवा पार्किंगची सावली. म्हणून पिल्लू शिकलं तरी ट्रे पहिल्या उन्हाळ्यात मोडीत काढू नका.

पावसाळा: आमची अर्धी शिकवण जुलैत वाहून गेली. ओलं गवत पोटाला लागलं की तर्री पुतळा व्हायची. जिन्याखालच्या कोरड्या जागेत लॉनचा तुकडा ठेवला, आणि छत्री धरून उभं राहण्याची सवय मला लागली. घरी आल्यावर पोट आणि पंजे पुसून गोचीड बघा.

याच सुमाराला, सहा-आठ महिन्यांचं झालं की पिल्लू वयात येतं आणि शिकलेलं विसरल्यासारखं करतं. नर पाय वर करून खुणा करतो, मादी माजावर आली की सारखी थोडी थोडी शू करते. चिडू नका, पुन्हा पाचव्या पायरीवर या. नसबंदीचं डॉक्टरशी बोला.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सोसायटीतली मुलं लाकडी बैल घेऊन दारात आली आणि तर्रीने आनंदाच्या भरात बैलाच्या चाकावरच शू केली. ही शू वेगळी. उत्साहाने किंवा भीतीने होते, तिच्या हातात नसते, वयाबरोबर बहुधा जाते. पाहुण्यांना सांगा, वाकून डोक्यावर हात फिरवू नका, शांत होईपर्यंत बघूसुद्धा नका. सासूबाई माहेरच्या नागपुरातल्या महाल भागातल्या, जिथे याच दिवशी ‘ईडा-पीडा घेऊन जा’ म्हणत मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते. चाक पुसता पुसता त्यांनी आरोळी दिली, “घरातली शू-शी घेऊन जा गे मारबत!”

९. हट्ट की आजार

सगळं नीट चालू असताना अचानक दर दहा मिनिटांनी थेंब-थेंब शू, कुंथणं, रक्ताची छटा, सारखं चाटणं, किंवा फार पाणी पिणं असेल तर शिकवणी थांबवा आणि डॉक्टर गाठा. मूत्रमार्गाचा संसर्ग माद्यांमध्ये बराच आढळतो आणि लघवीच्या तपासणीत कळतो. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही दाखवता येतं. वही सोबत न्या. आमच्या डॉक्टरांनी तर्रीपेक्षा वहीच जास्त वेळ तपासली.

१०. घुंगरू

हे शेवटी, जागा पक्की कळल्यावरच. तान्ह्या पोळ्याच्या बैलाची घुंगुरमाळ आम्ही दाराला बांधली, तिच्या नाकाच्या उंचीवर, म्हणजे जवळजवळ उंबऱ्याला. खाली नेताना दर वेळी तिचं नाक माळेला लावायचं, आवाज झाला की दार उघडायचं. बाराव्या दिवशी तिने स्वतः वाजवली.

तेराव्या दिवशी तिने ती एकोणीस वेळा वाजवली, कारण खाली खार होती. यावर उपाय असा: घुंगरू वाजलं की नेहमी न्यायचं, पण पट्ट्याने, थेट कडुनिंबाखाली, पाच मिनिटं खांब, आणि काही केलं नाही तर तसंच वर. खारीसाठी वाजवणं आठवडाभरात कमी झालं. आता रात्री कधी माळ वाजली तर आम्ही दोघं अंधारात डोळे मिटून पडून राहतो, आधी कोण उठतं ते बघत. बहुतेक वेळा आतल्या खोलीतून सासूबाईंची चप्पल वाजते आणि जिन्यावरून आवाज येतो, “चाल माय, चाल.”